वाचक विचारतात: ट्रेलर ३० टन पास आहे, मग पोकलेन जाईल ना?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये गाडी पासिंगचे आणि मशिनरी हलवण्याचे प्रश्न जास्त होते, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतोय. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते पूर्ण वाचा कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न: नमस्कार सर, मी चाकणजवळ राहतो, अर्थमूव्हिंगचं काम करतो. आत्ताच २० टनाचा जुना पोकलेन घेतलाय, सोबत ब्रेकर (दगड फोडायचं जोडयंत्र) पण आहे, आणि तो भोरच्या साइटवर न्यायचाय. ट्रेलरवाला म्हणतो माझी गाडी ३० टन पास आहे, तुमचं मशीन २० चं, टेन्शन घेऊ नका, आमची रोजची लाइन आहे. मी पहिल्यांदाच स्वतःचं मशीन हलवतोय म्हणून विचारतो, वजन बसतंय म्हणजे झालं ना? अजून काय बघायचं?

उत्तर: दादा, नाही झालं. आणि वजन बसतंय हे पण अजून ठरलेलं नाहीये, त्यावर येतोच. पण आधी टेप घ्या आणि मशीनची रुंदी मोजा, एका चेनच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चेनच्या बाहेरच्या कडेपर्यंत. २० टनी पोकलेनला सहसा ६०० मिलिमीटरचे शू (चेनच्या पट्ट्या) असतात आणि रुंदी भरते साधारण २.८ मीटर, लांब अंडरकॅरेजचं (चेनच्या खालच्या सांगाड्याचं) मॉडेल असेल तर ३ मीटरच्या जवळपास. आता केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९३ बघा, गाडीची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर. म्हणजे ट्रेलर कितीही दणकट असू द्या, ३० टन पास असू द्या नाहीतर ५०, तुमचं मशीन रुंदीतच बाहेर गेलं. हा माल ओडीसी झाला, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, मापाबाहेरचा माल. वजनाचं सगळे विचारतात, काटा पण सगळे करतात, पण रुंदी मोजणारा माणूस मला क्वचित भेटतो, आणि अडकायला होतं ते इथेच.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये १ए हे पोटकलम आलंय. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर असेल तर २०,००० रुपये दंड, वर माल उतरवायचा खर्च तुमचाच, आणि माल नीट होईपर्यंत गाडी हलू देत नाहीत. हायवेच्या कडेला, रॅम्प लावायला जागा नाही, मागून ट्रॅफिक येतंय, अशा ठिकाणी पोकलेन उतरवायची वेळ आली तर पैशाचं सोडा, माणसाच्या जिवाचं काय? त्याच कलमात असंही लिहिलंय की सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने त्या विशिष्ट मालासाठी सूट दिली असेल तर हा दंड लागत नाही. म्हणजे रस्ता बंद नाहीये, रस्ता परवानगीचा आहे. नॅशनल हायवेसाठी केंद्राच्या रस्ते परिवहन मंत्रालयाकडे ओडीसीचा अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि ट्रान्सपोर्टर रोज या लाइनवर असेल तर त्याला हे माहीत असायलाच पाहिजे. त्याला सरळ विचारा, या मशीनची, या गाडी नंबरची, या तारखांची परवानगी दाखवा. जुन्या कुठल्यातरी मशीनचा कागद दाखवत असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

काही ट्रेलरवाले म्हणतात आमचा लो-बेडच (कमी उंचीचा ट्रेलर) तीन मीटर रुंद आहे, मशीन बाहेर येतच नाही. असं कोणी म्हणालं तर त्याची आरसी मागा आणि त्यावर रुंदी काय लिहिलीये ते स्वतः वाचा, कारण २.६ मीटरची मर्यादा गाडीलाही आहे.

आता वजन. "३० टन पास" हे वाक्य फार धोक्याचं आहे कारण बोलणारा ग्रॉस (गाडीसकट एकूण वजन) सांगतोय की फक्त माल, ते कळतच नाही. आरसीवर दोन आकडे असतात, रिकामं वजन आणि भरलेलं वजन, पुलर (पुढची ओढणारी गाडी) आणि ट्रेलर दोन्हीचे कागद बघायचे. समजा दोन एक्सलचा पुलर आहे आणि मागे ट्रेलरला दोन एक्सलची जोडी. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेनुसार पुढच्या स्टिअरिंग एक्सलला ७ टन, चार टायरच्या सिंगल एक्सलला ११.५ टन, आणि दोन एक्सलच्या जोडीला २१ टन. बेरीज ३९.५ टन. यातून पुलर आणि लो-बेडचं रिकामं वजन वजा करा. ते समजा १७.५ टन निघालं, तर हातात राहिले २२ टन. ३० कुठे गेले? आणि ही गाडी जुनी असेल, २०१८ च्या आधी पास झालेली, तर आरसीवर याहून कमी आकडा असू शकतो. चेकिंगवाला आरसीचा आकडा धरणार.

मशीनच्या बाजूने पण तसंच. २० टन हे नाव आहे, वजन नाही. त्या वर्गातली मशीन २० ते २१ टनाच्या घरात भरतात, तेही स्टँडर्ड बकेट धरून. तुमचा ब्रेकर वेगळा, तो दीड ते दोन टन सहज. टाकी फुल असेल तर डिझेलचेच तीनशे किलो. अंडरकॅरेजमध्ये अडकलेली माती क्विंटलने निघते, म्हणून निघायच्या आधी मशीन धुऊन घ्या, हे काम फुकटात होतं आणि त्याने रस्त्यावर चिखल पण पडत नाही. शिवाय साखळ्या, रॅम्प, लाकडी स्लीपर. वरच्या उदाहरणात २२ टनात हे सगळं बसत नाही. ब्रेकर आणि जास्तीची बकेट दुसऱ्या छोट्या गाडीत टाका. भाडं थोडं वाढेल, वाढू द्या.

मशीन जुनं आहे म्हणालात, म्हणजे वजन लिहिलेली कंपनीची प्लेट खराब झालेली असणार, बकेट बदललेली असणार, कोणीतरी प्लेटा वेल्डिंग केलेल्या असणार. कॅटलॉगवर विश्वास ठेवू नका. ट्रेलर रिकामा काट्यावर घ्या, मग मशीन चढवून परत त्याच काट्यावर घ्या, फरक म्हणजे तुमचं मशीन. दोन्ही पावत्या जपून ठेवा. आणि काटेवाल्याला विनंती करून आधी फक्त पुलर काट्यावर उभा करून वजन घ्या, मग अख्खी गाडी. कारण एकूण वजन बसूनही एकाच एक्सलवर जास्त येऊ शकतं. पोकलेनचं काउंटरवेट एका बाजूला असतं, मशीन फूटभर पुढे-मागे सरकवलं तरी एक्सलवरचं वजन बदलतं. टायर फुटणं, स्प्रिंगची पाटी तुटणं, ब्रेक तापणं हे सगळं त्या एका एक्सलपासून सुरू होतं.

उंची राहिली. हे मशीन बूम खाली घेऊन उभं केलं तरी साधारण ३ मीटर भरतं. लो-बेडची फळी जमिनीपासून मीटरभर असते. झाले ४ मीटर, आणि मालगाडीची नियमातली उंची ४ मीटरच आहे, २०२० च्या आधी ती ३.८ होती. म्हणजे इथे इंचाचा हिशोब आहे. बहुतेक वेळा सगळ्यात उंच असतं ते केबिन नाही, बूमच्या पाठीवरचे हायड्रॉलिक पाइप. मशीन चढवून, आर्म आवळून, साखळ्या ताणून झाल्यावरच शेवटचं माप घ्या. ते माप कागदावर लिहून ड्रायव्हरच्या समोर काचेला चिकटवा. अंदाजे नको, मीटर आणि सेंटीमीटरमध्ये.

रस्त्याचं म्हणाल तर चाकण-तळेगाव करून बायपास, वाकड, चांदणी चौक, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ आणि तिथून आत भोर. हायवेवर उंचीची फार चिंता नाही, चिंता कापूरहोळच्या पुढे, जिथे झाडांच्या फांद्या, गावातल्या विजेच्या तारा आणि छोटे पूल सुरू होतात. आदल्या दिवशी मोटारसायकलवर शेवटपर्यंत जाऊन या, साइटच्या कच्च्या रस्त्यासकट. मोरीवर वजनाची पाटी असेल तर फोटो काढा. तार खाली दिसली तर महावितरणला सांगा, किन्नरला (गाडीवरच्या मदतनीसाला) बांबू देऊन तार उचलायला लावू नका. हे मी हात जोडून सांगतोय, कारण हे रोज होतं आणि त्यात पोरं जातात.

परत येतानाचा विचार पण आत्ताच करा. जाताना नवले पुलापासून बोगद्यापर्यंत चढ आहे, येताना तोच उतार, आणि त्या उतारावर ब्रेक फेल होऊन किती अपघात झालेत हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. २० टनाचं मशीन पाठीवर घेऊन न्यूट्रलमध्ये उतरणारा ड्रायव्हर असेल तर त्याला गाडी देऊच नका. बोगद्यातून बाहेर येतानाच खालचा गिअर पाहिजे.

ई-वे बिलाबद्दल (माल नेताना जीएसटीसाठी काढायचा ऑनलाइन कागद) तुम्ही विचारलं नाही पण ते पण चुकतं. नेहमीच्या मालाच्या बिलाला २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते, ओडीसीला २० किलोमीटरला एक दिवस. बिल काढताना गाडीचा प्रकार ओडीसी निवडा, म्हणजे परवानगीचे कागद आणि ई-वे बिल एकच गोष्ट सांगतील.

प्रश्न: सर, भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एक जुना हायड्रॉलिक प्रेस घेतलाय, वजन जेमतेम ९ टन, उंची ३.१ मीटर. दहा चाकी ट्रक ओळखीचा आहे, भाडं कमी घेतो. वजनाचा तर प्रश्नच नाही ना?

उत्तर: वजनाचा नाही, उंचीचा आहे. साध्या ट्रकची फळी जमिनीपासून १.३ ते १.४ मीटर वर असते. त्यावर तुमचा ३.१ मीटरचा प्रेस उभा केला की झाले साडेचार मीटरच्या आसपास, म्हणजे ४ मीटरच्या बाहेर. दंड तोच २०,०००, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रेसचं सगळं वजन वरच्या भागात असतं. सिलिंडर वर, मोटर वर. वळणावर तो ट्रकला सोबत घेऊन जातो.

दोनच मार्ग आहेत, लो-बेड घ्या नाहीतर सिलिंडर आणि वरचा क्रॉसबीम उतरवून दोन तुकड्यात न्या. आडवा टाकून न्यायचा सल्ला कोणी देईल, तर आधी मशीनवाल्या फिटरला विचारा, सगळे प्रेस आडवे झेपत नाहीत, तेल गळतं, गाइड वाकतात. लो-बेडवर पण ३.१ अधिक १ म्हणजे ४.१ होतात, त्यामुळे त्या विशिष्ट गाडीच्या फळीची उंची टेपने मोजल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

अजून एक, शहरात रेल्वेच्या पुलाखाली जी उंचीची पाटी असते तिच्यावर डोळे झाकून जाऊ नका. पाटी लावल्यानंतर खाली डांबराचे दोन-तीन थर चढलेले असू शकतात. वर पाटी तीच, खाली रस्ता वर आलेला. लोखंडी हाईट बॅरियर असेल तर तो बघून ठरवा, नसेल तर उतरून मोजा. आणि अवजड गाड्यांना शहरात कुठल्या वेळी कुठल्या रस्त्याने सोडतात हे वाहतूक शाखेकडून त्या आठवड्यात विचारून घ्या, ते आदेश बदलत असतात, मागच्या वर्षी गेलो होतो हे उत्तर चालत नाही.

प्रश्न: काका, मी वाघोलीच्या एका क्रशरवरून डंपर चालवतो, दहा चाकी. मालक पाच-साडेपाच ब्रास भरायला लावतो. नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतो. पकडलं तर माझं काय होईल? आणि काट्यावर नेतच नाही असं म्हटलं तर चालतं का?

उत्तर: बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी हिशोब करू म्हणजे तुला मालकाशी बोलताना आकडा हातात असेल.

आपल्याकडे भाव ब्रासमध्ये आणि कायदा टनामध्ये, सगळा घोळ इथून सुरू होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. क्रश सँड कोरडी असेल तर ब्रासला साधारण साडेचार टन, धुतलेली, ओली असेल तर पाचच्या आसपास. दहा चाकी गाडीचं भरलेलं वजन आता साधारण २८ टन धरतात, डंपर बॉडीसकट रिकामी गाडी ११-१२ टन. म्हणजे माल १६-१७ टन. म्हणजे साडेतीन ब्रास. ओली असेल तर तेवढी पण नाही. तू पाच-साडेपाच ब्रास घेऊन निघतोस तेव्हा तुझ्या गाडीवर सहा ते दहा टन जास्तीचे असतात.

दंड कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,०००. सहा टन जास्त असतील तर ३२,०००, दहा असतील तर ४०,०००. जास्तीचा माल उतरवायचा खर्च वेगळा आणि तो उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. काट्यावर न्यायला नकार दिलास, थांबला नाहीस, किंवा काट्याच्या आधी माल ओतून दिलास तर ४०,०००. म्हणजे पळण्यात काही फायदा नाही, हे मालकाला पण सांग. ओव्हरलोडसाठी ड्रायव्हरचं लायसन्स सस्पेंड होऊ शकतं, आणि लायसन्स तुझं आहे, मालकाचं नाही. तीन महिने घरी बसलास तर तो पगार देणार नाही.

पण कायद्याने मालक पण सुटत नाही. कलम ११३ मध्ये स्पष्ट आहे, गाडी ड्रायव्हरची स्वतःची नसेल तर ओव्हरलोड मालकाच्या माहितीने किंवा सांगण्यावरून झालं असं कोर्ट गृहीत धरू शकतं. म्हणून जेवढं जमेल तेवढं लेखी राहू दे. क्रशरची पावती, काट्याची पावती, किती ब्रास भरायचे त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, काही डिलीट करू नकोस. तोंडी सांगत असेल तर तूच मेसेज टाक, "आज किती ब्रास भरू?" एवढाच. भांडण नको, उद्धटपणा नको, पण उत्तर लेखी येऊ दे.

मालकाशी बोलायचं तर दंडाच्या आधी टायरचा खर्च काढ. मागचे टायर किती महिन्यात गेले, स्प्रिंगची पाटी किती वेळा तुटली, ब्रेक लायनर कधी बदलले. अपघात झाला आणि गाडी ओव्हरलोड निघाली तर इन्शुरन्सवाले क्लेमवर प्रश्न काढतात, हे पण त्याच्या कानावर घाल. बरेच मालक वाईट नसतात, शेजारचा सहा ब्रास नेतो म्हणून हा पाच भरतो. आणि क्रशरवरच भरताना काटा करून टनावर भाव लावला तर हा अर्धा प्रश्न सुटतो, कारण मग जास्त ब्रास दाखवण्यात कोणालाच रस राहत नाही. ही मागणी तुम्ही चार-पाच ड्रायव्हर मिळून करा, एकट्याने केलीस तर एकटाच पडशील.

तरी नाहीच ऐकलं तर गाडी बदल. पुणे जिल्ह्यात हेवी लायसन्सवाल्या ड्रायव्हरची सगळीकडे ओरड आहे, तुला काम मिळेल. तेवढ्या वजनाने उतारावर ब्रेक लागला नाही तर समोर स्कूटरवर कोणीतरी पोराला शाळेतून घेऊन येत असतं. तुझ्या मनात ते आलं असणार, नाहीतर तू लिहिलंच नसतंस.

प्रश्न: सासवडला आमचा जेसीबी आहे. फुरसुंगीला काम मिळालंय, दिवे घाट उतरून चालवत नेला तर चालेल की ट्रेलरच पाहिजे?

उत्तर: टायरवाला जेसीबी रस्त्यावरून चालवत नेता येतो. नियमात त्याला बांधकाम उपकरण वाहन म्हणतात, रस्त्यावर थोड्या अंतरासाठी आणि ताशी ५० किलोमीटरच्या आत. नंबर, इन्शुरन्स आणि त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स असलेला ऑपरेटर पाहिजे. पुढची बकेट आणि मागचा हात दोन्ही लॉक करा, मागे लाल दिवा चालू आहे का बघा. घाटात साडेसात टनाचं मशीन घेऊन सकाळच्या गर्दीत उतरू नका, पहाटे निघा आणि मागे स्वतःची एक गाडी इंडिकेटर लावून ठेवा. पावसात धुकं असेल तर त्या दिवशी नेऊच नका. चेनवाला पोकलेन मात्र फर्लांगभर पण डांबरावर चालवायचा नाही, त्याला ट्रेलरच.

प्रश्न: १२ मीटरचे सळ्यांचे बंडल छोट्या ट्रकमधून मागे लाल फडकं बांधून नेले तर चालतात ना?

उत्तर: नाही. मागे मीटरभर सळई बाहेर ठेवायची सवलत २०१४ मध्येच काढून टाकलीये, फडकं बांधलं तरी आणि दिवा लावला तरी. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीच्या उंचीला येतात त्या. १२ मीटरच पाहिजे असतील तर तेवढ्या लांबीचा ट्रेलर मागवा, नाहीतर दुकानातूनच कापून किंवा वाकवून घ्या, स्टीलवाले करून देतात.